काट्यावरचे जुने आकडे

गंगाखेडच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी अडकली की माझे चिरंजीव वैतागतात. पुढं दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, वर ढिगानं ऊस, आणि गाणी अशी मोठ्यानं लावलेली, की मागून कितीही हॉर्न वाजवा, त्या बाबाच्या कानावर जात नाही. मी काच खाली करते. मळीचा वास आत येतो. मुलगा नाकाला रुमाल लावतो आणि विचारतो, आई, तुला यात काय मिळतं? आता याला काय सांगायचं. ज्याच्या दप्तराला लहानपणी पाचट चिकटलेलं नाही, त्याला तो वास कसा पटावा.

यंदाही कारखाना सुरू झाला आणि मी दोन दिवसांची रजा टाकून गावी आले. गळीत हंगाम म्हटलं की लोकांना गूळ, रस, हुरडा आठवतो. मला अंबर रंगाचा एक पडदा आठवतो. काळ्या काचेवर पिवळट नारिंगी ठिपके, आणि त्या ठिपक्यांतून उमटलेला एक चार.

मी पुण्याला ज्या कंपनीत आहे तिथलं माझं काम जरा अजबच आहे. पडद्यावर चित्र उमटावं म्हणून कॉम्प्युटरच्या पोटात एक ग्राफिक कार्ड असतं, आणि त्या कार्डाशी बोलणारा एक प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. कार्डं जुनी होतात, नवी येतात. जुन्या कार्डांसाठी लिहिलेला कोड मात्र ड्रायव्हरमध्ये तसाच पडून राहतो. मग एक दिवस कंपनी ठरवते, की हा भाग बाद. बाद म्हणजे लगेच उचलून फेकायचा नाही. आधी पाटी लावायची, की बाबांनो, यावर आता विसंबू नका. आणि काढण्याआधी तो काय करत होता, कशासाठी करत होता, हे नीट लिहून ठेवायचं. ते लिहिणारी मी. आईनं गावात वर्षानुवर्षं सांगितलं, की आमची सुनंदा ड्रायव्हरचं काम करती. बाया विचारायच्या, एस्टीवर का ट्रकवर?

हे काम मी शिकले परभणीत. नामांतराच्या वादाची ती शेवटची वर्षं होती. डिप्लोमा करून मी घरी बसले होते, आणि पाथरीकर सरांनी मला बोलावून घेतलं. सर आधी कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. ते सोडून त्यांनी बियाण्यांच्या एका दुकानावर दोन खोल्यांत कॉम्प्युटरचं ऑफिस थाटलं होतं. खालून जिन्यात कपाशीच्या बियाण्याचा, औषधाचा वास यायचा आणि वर आम्ही चपला काढून बसायचो, कारण धूळ मशीनला चालत नाही. माणसांना चालायची.

त्या काळी कॉम्प्युटरला मराठी येत नसे. सरांच्या ऑफिसनं जिल्ह्यातल्या दोनचार ठिकाणी ती आणून दाखवली होती, त्यातलं एक आमच्याकडच्या कारखान्याचा वजनकाटा. अक्षर काढायचं म्हणजे पडद्यावरचा एकेक ठिपका कुठं पेटवायचा ते आपण सांगायचं. 'क'चे इतके ठिपके, काना द्यायचा तर त्याचे इतके. ते काम करणारा ड्रायव्हर माझ्या आधी तिथं असलेल्या दामोदर नावाच्या माणसानं लिहिला होता. दामोदर मुंबईला निघून गेला आणि जाताना एक अक्षर लिहून ठेवून गेला नाही. हुशार माणसांना वाटतं, आपल्याला कळलंय म्हणजे जगाला कळलंय.

त्या हंगामात कारखान्यानं रंगीत पडदे घ्यायचं ठरवलं. नवं कार्ड, नवा ड्रायव्हर. सरांनी मला दामोदरचा कोड दिला आणि सांगितलं, की यातल्या प्रत्येक तुकड्यापुढं लिही, हा काय करतो, काढला तर काय बिघडेल, आणि वापरतो कोण. ज्याचा वापरणारा सापडणार नाही, तो तुकडा नव्यात येणार नाही. नियम साधा होता. मला तो आवडलाही होता. जुनं घर झाडायला घेतल्यावर जी एक खुमखुमी येते, तशी माझी अवस्था.

झाडता झाडता अक्षरांच्या यादीच्या अगदी तळाशी मला काही आकृत्या सापडल्या. पडद्यावर काढून पाहिल्या. एक नुसता ठिपका. एक उभी रेघ. एक खाली टोक असलेला बाण आणि त्याचाच वर टोक असलेला भाऊ. एक फुगीर गोल, पत्त्यातल्या उलट्या बदामासारखा. काय म्हणावं याला? नऊ नंबरचं बटण दाबलं की वजनाच्या जागी याच आकृत्या उमटत. माझं मत पक्कं झालं, की कार्डाची मेमरी कुठंतरी चुकीच्या जागी वाचली जातेय आणि हा निव्वळ कचरा आहे. तसं मी लिहूनही टाकलं. फक्त एका आकृतीनं मला जरा अडवलं. डोक्याला आकडा, आकड्यात एक गाठ आणि खाली लांबच लांब शेपूट. ही मी कुठंतरी पाहिली होती.

त्या शनिवारी गावी गेले. एस्टी मिळेल याची खात्री त्या दिवसांत नसे. कुठं बंद, कुठं रास्ता रोको, आणि स्टँडवर जो तो विद्यापीठाच्या नावावरून एकमेकांशी भांडणारा. दुपार कलताना घरी पोचले. आमच्या धान्याच्या खोलीचं दार उघडून आई ज्वारी काढत होती. दाराच्या आतल्या बाजूला कोळशानं काढलेल्या खुणा होत्या. जन्मापासून पाहत आले होते. पोती मोजताना मोठे आबा तिथं काहीतरी रेघोट्या मारायचे, एवढंच मला ठाऊक. त्या खुणांत तो होता. डोक्याला आकडा, आकड्यात गाठ, खाली शेपूट. मी आईला विचारलं, हे काय आहे गं? आई म्हणाली, आबांचा चार. उर्दूतला.

मोठे आबा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलते. निजामाच्या राज्यात त्यांची सगळी शाळा उर्दूत झाली, आणि पुढं ते तहसिलीत कारकून होते. धोतर, काळी टोपी, कपाळाला बुक्का, आणि लिहायचं ते उजवीकडून डावीकडे. आमच्याकडच्या जुन्या माणसांत यात कोणाला काही वेगळं वाटत नसे. नातवंडांना मात्र गंमत वाटायची. आम्ही त्यांच्यासमोर मराठी पेपर धरला, की ते बोट ठेवून एकेक अक्षर लावत आणि मध्येच टोपी काढून डोकं खाजवत. आकड्यांचंही तसंच. मराठी आकडे त्यांना येत नव्हते असं नाही. शांतपणे पाहिले तर ओळखायचे. पण घाईत जुनं आधी वर यायचं.

आणि आबांचा एक हट्ट होता. वजन, माप, तारीख, काहीही असो, दुसऱ्यानं सांगितलेला आकडा ते घेत नसत. स्वतः वाचायचे. शेतातून ऊस निघाला की वडील तोडीवर थांबत आणि ट्रॉलीबरोबर आबा जात, काठी घेऊन, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून. त्या वयाला ते शोभत नाही म्हणून आई कुरकुरायची. पण काट्यावर उभं राहून आपल्या उसाचं वजन आपल्या डोळ्यांनी वाचणं, हे वर्षातलं त्यांचं एकच काम उरलं होतं, आणि ते काम ते कोणाला देणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर काट्यावर गेले. काट्याची खोली म्हणजे एक खिडकी, आत विठ्ठलराव कारकून आणि त्यांचं मशीन, आणि गाडीवाल्यांना दिसावा म्हणून बाहेर तोंड केलेला दुसरा एक पडदा. बैलगाड्यांची ओळ रस्त्यापर्यंत. बैल आपले रवंथ करत उभे, माणसं बिड्या ओढत. आमची ट्रॉली काट्यावर चढली. विठ्ठलरावांनी मान वर न करता नऊ नंबरचं बटण दाबलं. बाहेरच्या पडद्यावर माझा कचरा उमटला. आबांनी काठी बगलेत धरली, डोळे बारीक केले आणि खणखणीत आवाजात वजन वाचलं, किलोपर्यंत. मग 'बराबर' म्हणाले आणि उतरले. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं होतं. वाऱ्यावर भुसा उडत होता, त्यामुळं निभावलं.

विठ्ठलरावांनी मग सगळं सांगितलं. कॉम्प्युटर नवा आला त्या हंगामात आबांनी ट्रॉली काट्यावरून हलू दिली नव्हती. आदल्या वर्षीपर्यंत काट्याची दांडी होती, ती त्यांना वाचता येई; हे टीव्हीवरचं वजन ते मानेनात. मागं गाड्या तुंबल्या, शिव्या सुरू झाल्या. दामोदर तेव्हा मशीन बसवायला आलेला होता. त्यानं आबांना आत घेतलं, चहा पाजला, कागद पुढं ठेवला आणि म्हटलं, तुमचे आकडे काढून दाखवा. आबांनी काढले. त्यावरून दामोदरनं ठिपके भरले. म्हणजे कोडच्या तळाशी जे पडलं होतं ते नुसते उर्दू आकडे नव्हते, आबांचं हस्ताक्षर होतं. छापील चारला एवढी शेपूट नसते.

दामोदरला मी महिनाभर मनातल्या मनात नावं ठेवत होते. त्या दिवशी थांबले.

परभणीला परत येऊन मी आधी लिहिलेलं खोडलं. त्या तुकड्यापुढं नीट लिहिलं. काय करतो: वजन उर्दू आकड्यांत दाखवतो. काढला तर काय बिघडेल: ड्रायव्हरचं काही बिघडणार नाही. वापरतो कोण: इथं मी आबांचं पूर्ण नाव लिहिलं, गावासकट. आता वापरणारा सापडला होता, म्हणजे नियमानं तुकडा नव्यात यायला हवा. काम फारसं नव्हतं. नव्या कार्डाला ठिपके देण्याची रीत वेगळी, तेवढी बदलायची. मी ते करूनही ठेवलं.

सरांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि मला बसायला सांगितलं. कारखान्याच्या साहेबांशी त्यांचं बोलणं झालं होतं. साहेब म्हणाले होते, दिवस नाजूक आहेत. नावांवरून, झेंड्यांवरून कुठं काय पेटेल सांगता येत नाही. कारखान्याच्या पडद्यावर उर्दू दिसलं आणि कोणी त्याचं राजकारण केलं तर निस्तरायचं कोणी? मराठी ठेवा, इंग्रजी ठेवा, पुरे. मी म्हटलं, सर, तो माणूस कपाळाला बुक्का लावतो, त्यात राजकारण कुठून आलं? सर म्हणाले, ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. मग म्हणाले, एका माणसासाठी एक बटण म्हणजे नाकापेक्षा मोती जड होतो गं.

मला राग आला. अजून येतो. साहेब वाईट होते असं मी म्हणत नाही, सरही भित्रे नव्हते. धंदा करणाऱ्या माणसाला भांडणं परवडत नाहीत. पण राग आला. नियम त्यांचा, वापरणारा शोधा म्हणणारे ते, आणि सापडल्यावर तो एकच निघाला म्हणून नको. मी तसं तोंडावर बोलले. सर शांतपणे म्हणाले, "सुनंदा, कोड जाईल. तू लिहिलेलं पान मी फाइलला ठेवीन. ते कोणी काढणार नाही."

हे आबांना सांगायचं कोणी? मीच सांगितलं. पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा ते लिंबाखाली बाजेवर बसले होते. मी बोलत असताना ते काठीच्या टोकानं मातीत काहीबाही करत होते. मला वाटलं, चिडतील, कारखान्यावर जातो म्हणतील. ते तसं काही म्हणाले नाहीत. उलट त्यांनी मला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. पोलिस ॲक्शन झाल्यावर तहसिलीचं सगळं दप्तर मराठीत करायचं ठरलं. जुने कागद उर्दूत, नवे कारकून पुण्या-नगरकडचे, त्यांना उर्दूचं एक अक्षर येईना. मग आबांना समोर बसवलं.

"मी वाचायचो, ते लिहायचे," आबा म्हणाले. "लय दिवस चाललं. दप्तर सरलं, तशी आमची बी गरज सरली. साहेब म्हणले, आता तुमी घरी जा."

गरज सरो, वैद्य मरो म्हणतात तो प्रकार. मी विचारलं, तुम्हाला वाईट नाही वाटलं? त्यावर ते हसले. म्हणाले, वाईट वाटून काय करता, एका सालात आमी शिकलेले अडाणी झालो. मग विचारलं, की माझे आकडे काय होते, कशाला होते, हे तू लिहून ठेवलंस ना? मी म्हटलं, ठेवलंय. "मंग काढू दे," म्हणाले. "कुणाला तकलीफ देऊ नको."

तोंडानं म्हणणं वेगळं. रंगीत पडदा लागला त्या दिवशी मी काट्यावर होते, नवा ड्रायव्हर नीट चालतो का बघायला. निळ्या पार्श्वभूमीवर पांढरे सुबक मराठी आकडे. सगळे कौतुक करत होते. मलाही ते आवडले होते, कारण त्यातले ठिपके मीच भरले होते. आमची ट्रॉली आली. आबा सवयीनं पुढं झाले, डोळे बारीक केले, आणि मागं ओळ होती म्हणून की काय, घाईनं मोठ्यानं वाचून मोकळे झाले, पंच्याण्णव हजार नऊशे पंचावन्न. पडद्यावर होतं दहा हजार शंभर. आपला मराठी एक म्हणजे हुबेहूब उर्दू नऊ, आणि आपलं शून्य म्हणजे त्यांचा पाच. तोंडातून निघाल्यावर त्यांनाही कळलं. पण तोवर मागून कोणीतरी म्हणालं होतं, आबा, पूर्णा जंक्शनवरनं रेल्वेचं इंजिन भरून आणलं का काय? सगळी ओळ हसली. त्यात वाईट मनाचं कोणी नव्हतं, दरवर्षीची ओळखीची माणसं ती. आबाही कसनुसं हसले आणि टोपी काढून पुन्हा घातली.

आता माझ्या कंपनीत बाद कोडच्या कागदावर वेगवेगळे रकाने असतात. काय करतो, काय बिघडेल, कोण वापरतो, त्याऐवजी काय वापरायचं. मी त्यात माझा एक रकाना घातला आहे: हे काढल्यावर कोणाला दुसऱ्याला विचारावं लागेल? आमच्याकडं नवीन आलेला ऋत्विक म्हणून मुलगा आहे, चांगला आहे, हसतो. म्हणतो, मॅडम, या रकान्यात बहुतेक वेळा काहीच नसतं. मी म्हणते, नसू दे, पण रिकामा आहे हे शोधून मग रिकामा ठेव. गेल्या महिन्यात त्यानं कुठल्याशा दूरच्या गावातल्या दवाखान्यातलं जुनं मशीन शोधून काढलं, त्यावर आमचा बाद केलेला भाग अजून चालतो. त्यानं आपण होऊन रकाना भरला आणि मला दाखवायला आला. मी त्याला कँटीनमध्ये नेऊन भजी खाऊ घातली.

रंगीत पडद्याच्या त्या हंगामातली आमची शेवटची खेप राहिली होती. आबा येणार नाहीत असं सगळ्यांनी धरलं होतं. आई तर म्हणाली, बरं झालं, आता तरी हाडं मोडून घ्यायचे थांबतील. पण ट्रॉली भरली आणि आबा काठी घेऊन हजर. मला म्हणाले, तू बी चल. मी दुसऱ्या मडगार्डवर बसले. वाटेत त्यांनी शिवारातल्या कोणाकोणाचा ऊस कसा वाळतोय हे सांगितलं.

ट्रॉली काट्यावर चढली. विठ्ठलरावांचं बोट सवयीनं नऊ नंबरच्या बटणाकडं गेलं आणि परत आलं. पडद्यावर वजन उमटलं. ओळीतली माणसं या वेळी हसली नाहीत, इकडंतिकडं बघत राहिली. आबांनी पडद्याकडं पाहिलंच नाही. ते ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यापाशी गेले, तिथं तोंड करून उभे राहिले आणि मला म्हणाले,

"वाच."

जन्मात त्यांनी कोणाला वाच म्हटलं नव्हतं. मी वाचलं. अकरा हजार दोनशे दहा. त्यांनी बोट पुढं केलं, म्हणून पुन्हा वाचलं, सावकाश, एकेक आकडा सुटा. एक, एक, दोन, एक, शून्य. मी सांगत गेले तसे आबा फाळक्यावरच्या धुळीत बोटानं लिहीत गेले, त्यांच्या अक्षरात. शून्याला त्यांनी बोट नुसतं टेकवलं. मग दोन पावलं मागं सरून, डोळे बारीक करून, स्वतः लिहिलेलं त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं.

"बराबर," म्हणाले, आणि काठी उचलून ट्रॉली पुढं घ्यायला सांगितली.